घाट उतरतांना भरलेल्या गाडीचें तोंड कां दबतें?

सुगी आटोपली कीं भोर व वेल्हे या बाजूचें भात गिरणीकडे आणि बाजाराकडे निघतें. पूर्वी हा माल बैलगाडीनें जाई. आतां टेंपो आणि मालट्रक खळ्यापर्यंत येतात. सोय झाली खरी, परंतु वरंध घाटांत किंवा पाबे घाटांत भरलेली गाडी एकाएकी थांबवावी लागली म्हणजे तिचें तोंड धाडकन् खालीं दबतें व मागील भाग उचलला जातो. गेल्या सुगींत आम्ही स्वतः पाहिलें कीं, वळणावर गुरें आडवीं येतांच चालकानें ब्रेक दाबला आणि सैल रचलेलीं पोतीं घसरून केबिनच्या पाठीवर आदळलीं. पोत्यांवर बसलेले दोन गडी कसेबसे बचावले. तेव्हां या गोष्टीचा विचार गाडी भाड्यानें आणणाऱ्या शेतकऱ्यानेंहि करणें अवश्य आहे.

याचें कारण गहन नाहीं. ब्रेक चाकांना जमिनीपाशीं अडवितो. परंतु गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून बराच उंच असतो व तो पुढें जाऊं पाहतो. त्यामुळें मागील चाकांवरील कांहीं भार पुढील चाकांवर येतो आणि पुढचे पाटे दबतात. समजा, मालासह गाडी १० टनांची आहे, वजनाचा मध्य दीड मीटर उंच आहे, व पुढील-मागील आंसांमध्यें ४ मीटर अंतर आहे. वजनाच्या चार दशांश इतक्या जोरानें ब्रेक लावल्यास दीड टन भार मागून पुढें येतो. तोच मध्य १.२ मीटरवर आणला तर हा आंकडा १.२ टनांवर उतरतो. उतारावर गाडी मुळांतच पुढें जड झालेली असते, हें वेगळेंच.

यावरून उपाय सहज सुचतात. जड माल तळाशीं व हलका वर ठेवावा. उंच थर रचूं नयेत. पोतीं पुढच्या फळीला भिडवून, मध्यें पोकळी न ठेवतां, दोरानें आवळून बांधावीं. मात्र भार मागें फार लोटूं नये. बैलगाडी धुरेवर जड झाली तर बैलांची मान दबते, आणि उलाळ झाली तर जूं वर उचलतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. मागें फार भरल्यास पुढील चाकें हलकीं होऊन सुकाणूं नीट लागत नाहीं.

शॉक-अब्सॉर्बर गळत असतील तर तोंड झटक्यानें दबतें व पुन्हा उसळतें, ते बदलावे. पाटा तुटला असल्यास तोहि बदलावा. परंतु मनास येईल तसे जादा पाटे घालून कोणी निश्चिंत होऊं नये. त्यानें दबणें कमी दिसतें. पुढें येणारा भार तसाच राहतो. चाकें जाम होऊं न देणारी आधुनिक ब्रेक-यंत्रणाहि हा भार टाळूं शकत नाहीं. मागील ब्रेक ढिले राहिले तर सारें काम पुढील चाकांवर पडतें, म्हणून चारी बाजूंचे ब्रेक सारखे लागतात कीं नाहीं हें घाटापूर्वीं पाहावें.

सर्वांत मोठा उपाय चालकाच्या पायांत आहे. घाटाच्या माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर घालावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरतें व एकदम ब्रेक दाबण्याची वेळ येत नाहीं. डिझेल वाचविण्यासाठीं गिअर काढून उतरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात व ऐन वेळीं लागत नाहींत. रात्रीं तोंड दबलें कीं दिव्यांचा झोतहि खालीं जातो आणि दूरचा रस्ता दिसेनासा होतो, हेंहि ध्यानांत असावें.

शेवटीं, मालधन्यास आमची विनंती इतकीच कीं, एका खेपेचें भाडें वाचविण्यासाठीं दोन खेपांचा माल एका गाडींत कोंबूं नये, आणि मालावर माणूस तर कधींच बसवूं नये. भात पुढच्या वर्षीं पुन्हा पिकेल. गेलेला माणूस परत येत नाहीं.