इंग्लंडच्या कालव्यांवर भाड्याची बोट

इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांवर सुट्टीसाठी जी बोट भाड्याने मिळते, ती नॅरोबोट. तिची रुंदी जेमतेम 2.1 मीटर असते. लांबी मात्र 21 मीटरपर्यंत जाते. अठराव्या शतकात कालवे खोदताना खर्च आणि पाणी वाचावे म्हणून अनेक ठिकाणी लॉक, म्हणजे बोट वर चढवणारे किंवा खाली उतरवणारे हौद, अरुंद बांधले गेले आणि बोटींनाही तेच माप पडले. 1761 मध्ये कोळसा वाहण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढे देशभर कालव्यांचे जाळे पसरले. काठावरून चालणारे घोडे या बोटी ओढत. रेल्वे आणि ट्रकमुळे मालवाहतूक आटली, पण कालवे वाचवण्यासाठी 1946 मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. आज सुमारे 3,200 किलोमीटरचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळते.

या बोटीवर नावाडी नसतो. बोट भाड्याने घेणाऱ्यांनीच ती चालवायची असते आणि त्यासाठी परवाना लागत नाही. निघण्याआधी धक्क्यावरचे कर्मचारी इंजिन, गॅस, सुकाणू आणि रोजची तपासणी समजावून सांगतात. ही माहिती घाईने उरकू नये. जो कोणी सुकाणू धरणार असेल त्याने ती ऐकलीच पाहिजे.

आत एकामागून एक खोल्या असतात. गॅसची शेगडी, फ्रीज, शॉवर, शौचालय, हीटर आणि बिछाने एवढी सोय बहुतेक बोटींवर असते. जेवणाच्या टेबलाचाच रात्री पलंग होतो. वाटेत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला बाजूला व्हावे लागते, म्हणून कडक सूटकेसपेक्षा घडी होणारी कापडी बॅग बरी. वीज बॅटरीवर चालते, त्यामुळे विजेची किटली किंवा हेअर ड्रायर सहसा चालत नाही. पाण्याची टाकी मर्यादित असते. कालव्याकाठच्या ठरावीक नळांवर ती एक-दोन दिवसांनी भरून घ्यावी लागते.

सुकाणू मागच्या टोकाला असते. त्याचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. याची सवय व्हायला तासभर लागतो. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचे तर इंजिन उलटे फिरवावे लागते. समोरून बोट आली की आपण उजवीकडे राहायचे. वेगाची मर्यादा ताशी 6.4 किलोमीटर आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग आणखी कमी करावा, कारण लाटांनी त्यांचे दोर ताणले जातात.

खरी मेहनत लॉकवर असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. बोट आत घेऊन मागची दारे लावायची, हातातल्या लोखंडी हँडलने झडपा उघडायच्या आणि पाणी भरून किंवा सोडून बोट वर चढवायची किंवा खाली उतरवायची. उतरताना बोटीचे मागचे टोक वरच्या दाराखालच्या उंबऱ्यापासून पुढे ठेवावे. ते उंबऱ्यावर अडकले तर बोट कलंडून बुडू शकते. एका लॉकला साधारण पाव तास लागतो. डिव्हायझेसजवळच्या केन हिल टेकडीवर असे 29 लॉक आहेत. ते ओलांडण्यात दिवसाचा मोठा भाग जातो.

काही मार्गांवर बोगदे आणि जलसेतूही लागतात. वेल्समधला पाँटकसस्थे जलसेतू टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी 1805 मध्ये पूर्ण केला. डी नदीपासून 38 मीटर उंचीवर, लोखंडी पन्हळीतून बोट 307 मीटर जाते. एका बाजूला कठडा आणि पायवाट आहे, दुसऱ्या बाजूला कठडा नाही. 2009 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

अंधार पडल्यावर भाड्याची बोट चालवायची नसते. संध्याकाळी काठावर लोखंडी खुंट्या ठोकून ती दोरांनी बांधतात. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. मुलांनी आणि पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालावे. बोट भिंतीवर आदळताना दिसली तरी ती हातापायाने थोपवायला जाऊ नये. कित्येक टनांच्या वजनाखाली हाडे मोडतात.

मार्ग आखताना तासाला पाच किलोमीटर आणि प्रत्येक लॉकला पाव तास असा हिशेब धरावा. पंधरा किलोमीटर आणि आठ लॉक म्हणजे पाच तास झाले. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिवसाला यापेक्षा जास्त पल्ला ठरवू नये. गावे, काठ आणि पाणी निवांत पाहायला वेळ उरला, तरच ही सुट्टी सार्थकी लागते.