हंसांची मुखचित्रे : पाणपक्ष्यांचे अवलोकन व चित्रण

पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रे ही मजकुराची शोभा होत, असा समज सर्वत्र रूढ आहे. शास्त्रज्ञाने आधी पाहावे व चित्रकाराने मागाहून रंगवावे, हा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. इंग्लंडमधील चित्रकार व पक्षिविद पीटर स्कॉट (१९०९–१९८९) यांच्या कार्यात मात्र हा क्रम टिकत नाही. तेथे रेखाटन हेच अवलोकनाचे साधन झाले.

स्कॉट यांचे शिक्षण केंब्रिज येथे व चित्रकलेचे म्युनिच आणि लंडन येथे झाले. तारुण्यात ते पूर्व इंग्लंडच्या भरती-ओहोटीच्या दलदलीत कलहंसांची शिकार करीत. पहाटेच्या अंधुक प्रकाशात केवळ पंखांच्या लयीवरून व आवाजावरून जाती ओळखण्याची सवय त्यांना या शिकारीनेच लावली असावी. ‘मॉर्निंग फ्लाइट’ (१९३५) आणि ‘वाइल्ड कोरस’ (१९३८) या ग्रंथांतील उडत्या थव्यांची चित्रे अतिशय लोकप्रिय झाली. त्यांत पुनरुक्ती पुष्कळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे; तांबूस आकाश व त्यावर उमटलेली पक्ष्यांची रांग पुनःपुन्हा येते. पुढे त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि १९४६ मध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी व रक्षणासाठी संस्था स्थापन केली.

शास्त्रदृष्ट्या महत्त्वाची चित्रे मात्र या तैलचित्रांहून पुष्कळच साधी आहेत. रशियाच्या आर्क्टिक टुंड्रात वीण करणारे बेविक-हंस हिवाळ्यात पश्चिम युरोपात उतरतात. (पक्ष्यांची काष्ठचित्रे कोरणारा टॉमस बेविक याच्या स्मरणार्थ यॅरेल याने १८३० मध्ये या हंसास हे नाव दिले, चित्रकाराचे नाव धारण करणारा हंस पुन्हा चित्रकाराच्याच हाती यावा, हा योगायोग मौजेचा खरा.) १९६४ च्या हिवाळ्यात स्कॉट यांच्या चित्रशाळेच्या मोठ्या खिडकीसमोरील तळ्यावर हे हंस येऊ लागले. त्यांच्या चोचीवरील काळ्या व पिवळ्या रंगांची मांडणी प्रत्येक हंसात वेगळी आहे, हे तेथे ध्यानी आले. स्कॉट यांनी एकेका हंसाचे मुख समोरून व बाजूंनी रेखाटून त्यास नाव देण्यास आरंभ केला. नुसत्या नजरेला शेकडो पांढरे पक्षी सारखेच भासतात. हाताने रेषा ओढावयाची म्हटले की, पिवळा रंग नेमका कोठे संपतो याचा निर्णय करावाच लागतो. पक्ष्यास न पकडता व्यक्तिशः ओळखण्याची सोय अशा रीतीने झाली.

या पद्धतीने पुढे हजारो हंसांची नोंद झाली. पहिल्या हिवाळ्यात पिलांच्या चोचीवर हा नमुना स्पष्ट नसतो; परंतु ती आईबापांबरोबरच येत असल्याने वंशावळीही लिहिता आल्या. जोडप्यांची निष्ठा तर इतकी पक्की आढळली की, दोघेही जिवंत असताना जोडी फुटल्याची, चाळीसहून अधिक वर्षांतील दुसरीच घटना २०१० मध्ये नोंदली गेली.

हंसांना क्रमांक न देता नावे देणे काही अभ्यासकांस भाबडेपणाचे वाटेल. परंतु स्लिमब्रिजचे प्रेक्षक हा या उद्योगाचा उपांग नव्हता. १९५५ पासून ‘लुक’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्कॉट प्रेक्षकांशी बोलत असतानाच पक्षी रेखाटून दाखवीत. स्लिमब्रिज येथेही सायंकाळी तळे दिव्यांनी उजळून हंसांना दाणा घालण्यात येई व लोक काचेआडून तो सोहळा पाहत. मागील वर्षीचे अमुक जोडपे परतले काय, ही उत्सुकता क्रमांकाने उत्पन्न झाली नसती.

आज हीच ओळख निराळ्या कामी येत आहे. वायव्य युरोपातील या हंसांची संख्या १९९५ मध्ये सुमारे २९,००० होती. २०१० पर्यंत ती १८,००० वर आली. हिवाळे सौम्य झाल्यामुळे पुष्कळ हंस आता पूर्वेकडेच थांबतात. म्हणून ब्रिटनमधील घट ही सर्वस्वी मृत्यूमुळे झाली असे म्हणता येत नाही, आणि हा भेद करण्यास व्यक्तिशः ओळखलेले पक्षीच उपयोगी पडतात. तथापि पकडलेल्या हंसांच्या क्ष-किरण चित्रांत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या शरीरांत छर्रे सापडले आहेत, आणि तेही प्रवासमार्गावरील देशांत त्यांच्या शिकारीस बंदी असताना.