फक्त १४ पॉइंट? हॅलिबर्टनचा बॉक्स स्कोअर नीट वाचूया

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे तेवढ्या जागी जरा थांबून लिहिलंय.

एनबीएची २०२५ची फायनल संपली, ओक्लाहोमा सिटी थंडर चॅम्पियन झाले, तरी आपल्यातलं भांडण अजून एकाच माणसावरून चालू आहे. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन. अर्ध्यांचं म्हणणं, "पहिल्या मॅचमध्ये १४ पॉइंट, पाचव्या मॅचमध्ये ४. हा कसला सुपरस्टार?" उरलेले अर्धे त्याच्या शेवटच्या शॉटचं रील पाठवतात आणि विषय संपला म्हणतात. मला विचाराल तर दोघंही बॉक्स स्कोअरमधला एकच रकाना बघतायत. पॉइंटचा. क्रिकेटमुळे आपल्याला ती सवयच आहे: किती केल्या, किती चेंडूंत केल्या, झालं.

म्हणून आज पहिली मॅच उघडून बघू. ५ जूनची, म्हणजे आपल्याकडे ६ जूनला सकाळी सहाला सुरू झालेली. निकाल: पेसर्स १११, थंडर ११०. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ पॉइंटने मागे होते. पूर्ण मॅचमध्ये ते पहिल्यांदा पुढे गेले तेव्हा घड्याळात ०.३ सेकंद उरले होते. तो हॅलिबर्टनचा शॉट.

आता जरा हिशेब करू, कारण या मॅचचा हिशेब फार सुंदर आहे. फ्री थ्रो सोडून दोन्ही टीमनी बास्केट किती केले? दोघांनीही ३९. अगदी सारखे. मग फरक पडला कुठे? पेसर्सच्या ३९ पैकी १८ थ्री होते, थंडरचे ११. एका थ्रीला साध्या बास्केटपेक्षा एक पॉइंट जास्त, म्हणजे इथे पेसर्सना ७ पॉइंटचा फायदा. फ्री थ्रो मात्र थंडरचे २१ आणि पेसर्सचे १५, म्हणजे ६चा तोटा. सातातून सहा गेले, उरला एक. मॅच तेवढ्यानेच जिंकली. कोणी "नशीब होतं" म्हटलं की मी हाच हिशेब पुढे करतो. नशीब होतंच, पण ते शेवटच्या शॉटपेक्षा दुसरीकडे जास्त होतं.

कुठे? तर टर्नओव्हरमध्ये. शॉट मारायच्या आधीच बॉल घालवला की तो टर्नओव्हर: चुकीचा पास, हातातून बॉल काढून घेतला जाणं, लाइनबाहेर पाय पडणं. पेसर्सनी पहिल्या हाफमध्येच १९ टर्नओव्हर केले, पूर्ण मॅचमध्ये २५. त्यामुळे थंडरला शॉट मारायला मिळाले ९८ आणि पेसर्सना फक्त ८२. सोळा जादा संधी! एवढ्या संधी दिल्यावर मॅच साधारण वीस पॉइंटने हरायची असते. पण थंडरला त्या २५ टर्नओव्हरमधून मिळाले फक्त ११ पॉइंट. शे गिल्जस-अलेक्झांडरने ३० पैकी १४ शॉट घालून ३८ पॉइंट केले. बाकी सगळ्यांनी मिळून ६८ पैकी २५. अर्ध्यावर हाफटाइमला स्कोअर ५७-४५ होता आणि खरं सांगायचं तर तो याहून खूप वाईट असायला हवा होता.

मग हॅलिबर्टनचे १४ कुठे बसतात? पेसर्सचे आकडे बघा: सियाकम १९, टॉपिन १७, टर्नर १५, नेम्बहार्ड १४, हॅलिबर्टन १४. एकाही पेसर्स खेळाडूने वीस गाठले नाहीत आणि टीम १११वर पोचली. हे आपोआप होत नाही. हॅलिबर्टन बॉल धरून ठेवत नाही. रिबाउंड हातात आला की तो पळतो नाहीतर पुढे फेकतो, बचाव जागेवर यायच्या आत. कोपऱ्यात एकटा उभा असलेला टॉपिन थ्री मारतो तेव्हा पॉइंट टॉपिनच्या नावावर लागतात. पास थेट हॅलिबर्टनचा असेल तर त्याला असिस्ट मिळतो. पण मध्ये अजून एक पास झाला तर त्याच्या नावावर काहीच लागत नाही. या मॅचमध्ये त्याचे ६ असिस्ट आणि १० रिबाउंड आहेत. रेग्युलर सीझनमध्ये तो मॅचला सरासरी ९.२ असिस्ट देत होता आणि टर्नओव्हर फक्त १.६. बॉल सतत हातात असलेल्या माणसासाठी हे प्रमाण अफाट आहे. एप्रिलमध्ये द अॅथलेटिकने खेळाडूंचं गुप्त मतदान घेतलं तेव्हा त्याच्याच सहकारी-स्पर्धकांनी त्याला लीगमधला सगळ्यात ओव्हररेटेड खेळाडू ठरवलं होतं, हे विशेष.

शेवटचा शॉटसुद्धा नीट बघा. गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट नेम्बहार्डच्या बचावासमोर हुकला, रिबाउंड पेसर्सना. कोच रिक कार्लाइलकडे टाइमआउट शिल्लक होता, तो त्यांनी घेतला नाही. का? टाइमआउट घेतला की समोरच्यालाही श्वास मिळतो, हवे ते बचावपटू आत आणता येतात. आणि समोर लीगमधला सगळ्यात चांगला बचाव होता. तो विस्कटलेला असतानाच हॅलिबर्टन उजवीकडून वर गेला आणि उडी मारून शॉट सोडला. वर्षभर जे करत होता तेच, फक्त यावेळी पास नाही.

(जाता जाता: पेसर्सशी आपलं नातं जुनं आहे. भारतात पहिल्यांदा एनबीएच्या मॅच झाल्या त्या ऑक्टोबर २०१९मध्ये, मुंबईत वरळीला, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. माइल्स टर्नर तेव्हाही पेसर्समध्येच होता. हॅलिबर्टन तेव्हा कॉलेजात होता.)

आता ते पाचव्या मॅचचे ४ पॉइंट. सहा शॉट, एकही आत नाही. त्यावर लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे परत लिहीत नाही. भित्रा हा त्यातला सभ्य शब्द होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याची उजवी पोटरी दुखावली होती. तो आत जाऊन आला आणि तसाच खेळला. बॉक्स स्कोअरमध्ये पोटरीचा रकाना नसतो.

पोटरीचे स्नायू खाली टाचेला ज्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात तो अकिलीस टेंडन. पहिलं पाऊल झटक्यात टाकताना सगळा ताण याच जोडणीवर येतो, आणि बास्केटबॉलमध्ये तेच शंभर वेळा करावं लागतं. दुखरी पोटरी घेऊन तो सहावी मॅच खेळला, पेसर्स १०८-९१ जिंकले. २२ जूनच्या सातव्या मॅचमध्ये पहिल्या सात मिनिटांत त्याने तीन थ्री घातले. मग पुढे झेपावताना पडला आणि तळहात जमिनीवर आपटत राहिला. उजवा अकिलीस तुटला होता. पेसर्स ९१-१०३ हरले. पोटरीमुळेच टेंडन तुटला असं मी डॉक्टर नसताना म्हणणार नाही. पण २०१९च्या प्लेऑफमध्ये केविन ड्युरँटची गोष्ट याच क्रमाने घडली होती: आधी पोटरी, मग परत येणं, मग अकिलीस. आणि २०२५च्याच प्लेऑफमध्ये डॅमियन लिलार्ड आणि जेसन टेटम यांचाही अकिलीस गेला. तिघांचाही जर्सी नंबर शून्य. उगाच अंगावर काटा येतो.

खेळायला नको होतं का? हॅलिबर्टनने नंतर स्वतःच लिहिलं की पुन्हा तशी वेळ आली तर तो पुन्हा हेच करेल. निर्णय त्याचा, पाय त्याचा. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे. चार पॉइंटवर त्याला भित्रा म्हणणारे आणि आठवड्याभरात "योद्धा"चे स्टेटस ठेवणारे बऱ्याचदा तेच लोक होते, आणि दोन्ही वेळा माणूस तोच होता, पोटरीही तीच.

२०२५-२६चा पूर्ण सीझन तो खेळणार नाही, असं पेसर्सनी जाहीर केलं होतं. टर्नर मिलवॉकीला गेला. पेसर्सची पुढची मॅच झाली की बॉक्स स्कोअर उघडा, पॉइंटच्या रकान्यावर अंगठा ठेवून तो झाका, आणि फक्त टीमचे असिस्ट आणि टर्नओव्हर वाचा. काय दिसलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा, एपिसोडमध्ये लावतो.