वर्गांतील ‘द्वाड’ मूल आणि गुरुजींची नोंदवही

खिडकीबाहेर पाहात राहणारा, हातांतली पेन्सिल दहा वेळां पाडणारा, प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर ओरडून मोकळा होणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतो. त्याला नांवें ठेवण्याच्या कामीं आपली भाषा दरिद्री नाहीं. द्वाड, व्रात्य, उनाड, धांदरट, मठ्ठ! यांतील कोणताही शब्द घ्या. त्यांत निदान आणि शिक्षा हीं दोन्ही एकदमच उरकलेलीं असतात.

वैद्यकशास्त्र मात्र या मुलाकडे शंभराहून अधिक वर्षें वेगळ्या नजरेनें पाहात आलें आहे. सन १९०२ मध्यें लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं व्याख्यानें देऊन असें दाखविलें, कीं कांहीं मुलें बुद्धीनें उणीं नसतांही मन आवरूं शकत नाहींत, आणि हा दोष केवळ वळणाचा नव्हे. आज ज्याला ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असें म्हणतात, त्याचें हें एक जुनें वर्णन होय. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांनीं २०१३ सालीं जी कसोटी ठरविली, तींत लक्षणें बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावीं, निदान सहा महिने टिकलेलीं असावीं, आणि एकाच ठिकाणीं नव्हे तर दोन किंवा अधिक ठिकाणीं दिसावीं, अशी अट आहे. मुलाच्या बाबतींत हीं दोन ठिकाणें म्हणजे बहुधा घर आणि शाळा. म्हणजे डॉक्टरच्या निदानाचा अर्धा आधार गुरुजींच्या शब्दावर उभा राहतो!

तो शब्द नीट मिळावा म्हणून कॉनर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६९ सालीं शिक्षकांसाठीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक वर्तनापुढें ‘मुळींच नाहीं’ पासून ‘फारच’ पर्यंत चार पायऱ्या, आणि शिक्षकानें खूण करावयाची. युक्ति सोपी खरी. परंतु ‘फारच’ म्हणजे किती? हें ज्या त्या वर्गावर अवलंबून असतें.

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांचें उदाहरण घेतलें म्हणजे ही अडचण स्पष्ट दिसते. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींतील घाटघर, आहुपे यांसारखीं महादेव कोळ्यांचीं गांवें आणि घोडेगांवच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडील आश्रमशाळा. पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेला ऊस, आणि त्या उसांत ठाण मांडून बसलेले बिबटे. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस शिक्षक दोन. तेव्हां लहान गांवांत एकाच खोलींत दोन-तीन इयत्ता बसणें ओघानेंच आलें. गुरुजी तिसरीचा भागाकार समजावीत असतां पहिलीच्या मुलानें हात बांधून स्वस्थ बसावें, ही अपेक्षाच मुळीं सहा वर्षांच्या देहाला मानवणारी नव्हे.

वयाची गोष्ट तर याहून सूक्ष्म आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील नऊ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. म्हणून डिसेंबरांत जन्मलेला मुलगा वर्गांत सर्वांत लहान आणि जानेवारींतला सर्वांत मोठा. असें आढळलें, कीं डिसेंबरांतील मुलग्यांवर या विकाराचा शिक्का बसण्याचें प्रमाण जानेवारींतील मुलग्यांहून ३० टक्क्यांनीं जास्त होतें. अकरा महिन्यांच्या कोंवळेपणाला विकाराचें नांव मिळालें! आपल्याकडे घाईनें शाळेंत घातलेल्या मुलाविषयीं आईबापांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

मग झोप. ऊसतोडणीच्या हंगामांत कारखान्याच्या परिसरांत पालें ठोकून राहणाऱ्या कुटुंबांतील मुलें आईबापांबरोबर पहांटेच्या काळोखांत उठतात. बागाईत गांवांत रात्रीं शेताला पाणी द्यावयास वडील गेलेले, बाहेर बिबट्याचें भय, आणि घरांत मूल जागें. अशा मुलाचें चित्त दुपारीं कवितेवर लागलें नाहीं तर नवल तें काय? पश्चिमेकडच्या खोऱ्यांतील मुलाला पुस्तकी मराठी कांहीं काळ परकीच वाटते. न समजलेल्या वाक्याकडे कोणीही फार वेळ लक्ष देऊं शकत नाहीं.

आणखी दोन-तीन कारणें तर निव्वळ शरीराचीं आहेत. वाहणारा कान, न दिसणारा फळा, अंगांतलें कमी रक्त. एक मात्र शिक्षकांना सहसा ठाऊक नसतें, म्हणून तें सविस्तर सांगतों. फेफऱ्याचा एक सौम्य प्रकार असा आहे, कीं मूल पडत नाहीं, थरथरत नाहीं. आठ-दहा सेकंद नुसतें टक लावून पाहतें आणि पुन्हां पूर्ववत् होतें. दिवसांतून हें अनेकदां घडतें. गुरुजींना वाटतें स्वारी स्वप्नांत आहे. ओळखण्याची खूण ही, कीं स्वप्नांतलें मूल हांक मारतांच दचकून भानावर येतें; या झटक्यांतलें मूल हांकेनें किंवा स्पर्शानेंही येत नाहीं. अशा मुलाला छडी मारणें क्रूरपणाचें आहेच. शिवाय शारीरिक शिक्षेस २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नें बंदी आहे. त्याला औषध हवें, आणि औषधानें बहुतेकांस गुणही येतो.

तात्पर्य, गुरुजींनीं निकाल देऊं नये, नोंद द्यावी. ‘लक्ष नसतें’ हा निकाल झाला. ‘मंगळवारीं दुसऱ्या तासाला पांच उदाहरणें दिलीं, दोन सोडविलीं, तीन वेळां उठला, जवळ बसवून हांक मारल्यावर तिसरें सोडविलें,’ ही नोंद झाली. अशा पंधरा दिवसांच्या नोंदी डॉक्टरला दहा विशेषणांहून अधिक उपयोगी पडतात. पॅरिसमध्यें १९०५ सालीं बिने यांनीं बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शिक्षकांच्या निव्वळ मतावर मुलाचें भवितव्य सोंपवूं नये म्हणूनच. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ती मराठी व कानडी मुलांसाठीं बसविली, आणि आपल्याकडील दवाखान्यांत ती अद्याप वापरांत आहे. अर्थात् ती बुद्धि मोजते, अवधान नव्हे. त्यामुळें तींत उत्तम उतरलेलें मूलही वर्गांत हैराण झालेलें असूं शकतें.

घरची बाजू कोणी सांगावी, हाही एकत्र कुटुंबांत एक प्रश्नच असतो. प्रश्नावली वडिलांच्या हातीं पडते. मुलाला जेवूं घालते आई. आणि तें असतें दिवसभर आजीजवळ. तेव्हां उत्तरें तिघांनीं मिळून द्यावींत. ‘त्याचा बापही असाच होता,’ असें आजी म्हणाली तर तिला गप्प करूं नये. हा विकार पुष्कळ अंशीं आनुवंशिक आहे, आणि तिच्या या एका उद्गारांत डॉक्टरला हवी असलेली माहिती आहे.

सरकारच्या बालस्वास्थ्य योजनेंत २०१३ पासून ज्या तीस व्याधींची तपासणी ठरली आहे, त्यांत हाही विकार आहे, आणि शाळेंत पथकानें वर्षांतून एकदां यावें असा नियम आहे. पुढें मंचरचें उपजिल्हा रुग्णालय, आणि तज्ज्ञ हवा तर पुणें. आहुप्याहून पुण्यास जाणें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणें. म्हणून आधीं कान, डोळे, झोप व भाषा पाहावी, बैठक बदलून पाहावी, काम लहान तुकड्यांत द्यावें. आणि तरीही खूण कायम राहिली तर मात्र त्या खर्चास कचरूं नये.

या सर्व खटाटोपांत हाताला लागतो तो बहुधा मुलगाच, कारण तो आवाज करतो. शेवटच्या रांगेंतली एखादी मुलगी तशीच हरवलेली असते. पण ती उठत नाहीं, ओरडत नाहीं, कोणाची पाटी फोडीत नाहीं. तिच्या नांवापुढें वर्षभर एकही तक्रार नसते. पांचवीला शेजारच्या गांवीं जाण्याची वेळ येते, आणि घरांत बोलणें सुरू होतें, कीं हिला शिक्षणाची आवडच नाहीं.