बारा जणांचा वर्ग



वसईच्या होळी भागाहून पापडीकडे निघालें म्हणजे पापडीच्या नाक्यावर कॅथलिक बँकेची इमारत लागते. आज तिचा व्याप मोठा आहे. पण १९१८ सालीं ती निघाली तेव्हां 'बँक' हें नांवहि तिला नव्हतें. धर्मगुरु पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें निघालेली ती एक पतपेढी होती. सहकारी पतपेढ्यांचा कायदा हिंदुस्थानांत १९०४ सालीं झाला, व त्या कायद्याप्रमाणें दहा माणसें एकत्र आलीं कीं पतपेढी नोंदवितां येई. त्यामागची कल्पना साधी होती. गरीब शेतकऱ्यापाशीं तारण ठेवावयास सोनें नसतें, परंतु त्याला ओळखणारे शेजारी असतात. त्या शेजाऱ्यांनीं एकमेकांस जामीन राहावें, म्हणजे सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी येणार नाहीं. जेथें केळीच्या आणि पानवेलीच्या बागा एकमेकींस लागून होत्या आणि रविवारीं साऱ्या गांवाची गांठ देवळांत पडत असे, त्या वसईंत ही कल्पना रुजली यांत नवल नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र दुसऱ्या एका पंथाविषयीं. वसईचीं जुनीं ख्रिस्ती घराणीं रोमन कॅथलिक आहेत. मेथडिस्ट मंडळी ही मुंबईकडची शेजारीण. परंतु त्या मंडळींत स्नेह, सेवा आणि परस्परसाहाय्य यांसाठीं जीं लहान लहान मंडळें चालतात, त्यांच्या जन्माची हकीकत ऐकली म्हणजे पापडीच्या पतपेढीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कारण तीं मंडळेंहि एका कर्जांतूनच जन्मास आलीं.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतों. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात तेव्हां देवळाची इमारत त्यांच्या मनांत नसते. त्या देवळांत जमणाऱ्या माणसांचा समुदाय असतो. हा शब्द मला फार योग्य वाटतो. घरांतलीं माणसें म्हणजे आपली 'मंडळी', हा आपला रोजचा अर्थहि त्यांत सहज मिसळून जातो.

मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ सालचा, मृत्यु १७९१ चा. ते इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचे दीक्षित धर्मगुरु होते व अखेरपर्यंत त्याच चर्चचे राहिले. ऑक्सफर्ड येथें शिकत व शिकवीत असतांना ते, त्यांचे बंधु चार्ल्स आणि आणखी कांहीं तरुण ठराविक वेळीं प्रार्थना करीत, ठराविक दिवशीं उपास करीत, तुरुंगांतील कैद्यांस भेटावयास जात. या काटेकोर शिस्तीची थट्टा म्हणून सोबत्यांनीं त्यांस 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असें नांव ठेवलें. थट्टेचें नांव पुढें बिरुद झालें. १७३९ सालीं लंडनमध्यें आठ-दहा माणसें वेस्ली यांच्याकडे आलीं, व आपणांस वेळोवेळीं एकत्र घेऊन बसावें अशी त्यांनीं विनंति केली. दर गुरुवारीं संध्याकाळीं जमावयाचें ठरलें. तेथून संख्या इतकी वाढली कीं एकट्या माणसाला सर्वांची विचारपूस करणें अशक्य झालें.

आतां त्या कर्जाची गोष्ट. ब्रिस्टल शहरांत या लोकांनीं एक सभागृह बांधलें होतें, आणि बांधकामाचें देणें डोक्यावर राहिलें होतें. १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं तें कसें फेडावें याचा विचार करण्यास सर्व जमले. कॅप्टन फॉय या नांवाच्या गृहस्थांनीं सुचविलें, कीं देणें फिटेपर्यंत प्रत्येकानें दर आठवड्यास एक पेनी द्यावा. कोणी तरी हरकत घेतली, कीं आपल्यांत पुष्कळ लोक असे आहेत कीं तेवढेंहि त्यांना झेपणार नाहीं. त्यावर फॉय यांनीं जें उत्तर दिलें तें सर्व कथेचें बीज आहे. सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, असें ते म्हणाले. दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाण्याचें त्यांनीं पत्करलें. कोणी देऊं शकला तर त्याचें घ्यावयाचें. न देऊं शकला तर त्याचा पेनी स्वतःच्या पदरचा भरावयाचा. इतरांनींहि तसेंच करण्याचें कबूल केलें. अकरा आणि वसूल करणारा स्वतः, असे बारा जण झाले. यालाच पुढें 'क्लास' म्हणूं लागले. आपण 'वर्ग' म्हणूं.

पुढें जें घडलें तें कोणी योजलेलें नव्हतें. पेनी गोळा करावयास घरोघर जाणाऱ्या माणसाला घरांतील परिस्थिति दिसूं लागली. एका घरीं नवराबायकोचें पटत नाहीं, दुसऱ्या घरीं कर्ता पुरुष दारू पितो. त्यांनीं हें वेस्ली यांच्या कानांवर घातलें. वेस्ली यांच्या तत्काळ ध्यानांत आलें, कीं इतके दिवस आपण जी सोय शोधीत होतों ती हीच. वसुलीकरितां नेमलेला माणूस हाच विचारपूस करणारा झाला. पुढें घरोघर हिंडण्याला वेळ फार लागूं लागला, शिवाय मालकाच्या घरीं राहणाऱ्या मोलकरणीशीं एकांतांत बोलणें कठीण पडे. म्हणून आठवड्यांतून एकदां बाराहि जणांनीं एका ठिकाणीं जमावें असें ठरलें. प्रत्येकानें आपला आठवडा कसा गेला तें सांगावें, आणि इतरांनीं ऐकावें.

या वर्गांत दोन गोष्टी विशेष होत्या. पहिली ही, कीं वर्गनायक हा दीक्षित धर्मगुरु नसे. तो शिंपी असे, चांभार असे, आणि पुष्कळ ठिकाणीं ती एखादी बाई असे. दुसरी ही, कीं वर्गांत म्हातारे व तरुण, विवाहित व अविवाहित, मालक व नोकर एकत्र बसत. जवळ राहणारे, एवढेंच त्यांचें नातें. यांहून लहान अशीं 'बँड' नांवाचीं मंडळें निराळीं होतीं. तेथें पुरुष पुरुषांत व स्त्रिया स्त्रियांत बसून मनांतलें अधिक मोकळेपणानें बोलत. परंतु मंडळीचा खरा पाया वर्गावरच होता.

सेवेचें काम याच रचनेंतून उभें राहिलें. लंडनमध्यें आजाऱ्यांची विचारपूस नीट होत नाहीं असें दिसतांच वेस्ली यांनीं शहराचे २३ भाग पाडले आणि प्रत्येक भागास दोन, असे ४६ स्वयंसेवक नेमले. आपल्या भागांतील प्रत्येक आजाऱ्यास आठवड्यांतून तीन वेळां भेटावयाचें, हा नियम. फ्रान्समध्यें १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम यांनीं सेंट व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवानें जी संस्था काढली, व जी आज कॅथलिक धर्मग्रामांत सर्वत्र परिचित आहे, तिचे सभासदहि गरिबांच्या घरीं दोघे दोघेच जातात. पंथ वेगळे, पण अनुभवानें शिकविलेला धडा एकच. एकटा गेलेला माणूस कंटाळतो. दोघे गेले म्हणजे एकमेकांस धरून ठेवतात.

याहून मनोरंजक हकीकत कर्जाऊ निधीची आहे. १७४६ सालीं वेस्ली यांनीं लंडनमध्यें ३० पौंड १६ शिलिंग गोळा केले. त्यांतून एका माणसास एका वेळीं २० शिलिंगांपर्यंत, म्हणजे एक पौंड, उसनें द्यावयाचें व तें दर आठवड्यास थोडें थोडें करून तीन महिन्यांत परत घ्यावयाचें. अठरा महिन्यांत २५५ माणसांस याचा उपयोग झाला. आंकडा पाहून प्रथम विश्वास बसत नाहीं. परंतु हिशेब करून पाहा. तीन महिन्यांची एक फेरी धरली तर अठरा महिन्यांत सहा फेऱ्या होतात. प्रत्येकास पुरा पौंड दिला तरी तीसच्या सहा फेऱ्यांत एकशें ऐंशी जणांची सोय होते. कित्येकांनीं पौंडाहून कमी घेतलें असणार, शिवाय दर आठवड्यास परत येणारा पैसा लगेच दुसऱ्याच्या हातीं जात असणार. याचा अर्थ असा, कीं बहुतेकांनीं पैसे बुडविले नाहींत. नाहीं तर तीस पौंड दुसऱ्या फेरींतच आटले असते. सावकारानें ज्यांस दाराशीं उभें केलें नसतें अशा लोकांनीं ते फेडले. ते कोणाच्या तरी वर्गांत दर आठवड्यास बसत होते, हें त्याचें एक कारण असावें असें मला वाटतें. ज्यांच्या पुढें बसून आपला आठवडा सांगावयाचा, त्यांचे पैसे बुडविणें सोपें नसतें.

या निधीच्या एका ऋणकोचें नांव इतिहासांत राहिलें आहे. जेम्स लॅकिंग्टन हा मूळचा चांभार. १७७५ सालीं त्यानें येथून पांच पौंड घेतले व आपलें जुन्या पुस्तकांचें दुकान वाढविलें. पुढें तो लंडनमधील बड्या पुस्तकविक्रेत्यांपैकीं एक झाला, श्रीमंत झाला, आणि आत्मचरित्र लिहून त्यांत त्यानें मेथडिस्टांचीच टवाळी केली! म्हातारपणीं त्याला पश्चात्ताप झाला व तसें त्यानें छापूनहि टाकलें. उपकारकर्त्यांस हंसणारे सर्व देशांत असतात. पुन्हां कबुली देणारे थोडे.

वेस्ली यांच्या निधींतून वसईची पतपेढी निघाली असें मी म्हणत नाहीं. सहकारी पतपेढीचा वंश जर्मनींतील रायफायझेन यांच्या खेडेगांवच्या पेढ्यांकडे जातो. परंतु ओळख हेंच तारण, हें तत्त्व दोन्हींकडे एक आहे.

आपल्या बाजूस ही पद्धत कशी आली? विल्यम टेलर नांवाचे अमेरिकन उपदेशक १८७१ च्या नोव्हेंबरांत मुंबईस आले. त्यांचा बाणा असा, कीं परदेशांतील मिशनच्या तिजोरीवर विसंबावयाचें नाहीं. येथील मंडळीनें आपला खर्च आपण सोसावा. त्यांचें ऐकून वळलेले लोक बहुतेक इंग्रजी बोलणारे होते. टेलर यांनीं त्यांस घराघरांतून लहान स्नेहवर्गांत बसविलें. अजून देऊळ नव्हतें. मंडळीहि रीतसर स्थापन झाली नव्हती. वर्ग आधीं झाले, आणि १८७२ च्या फेब्रुवारींत त्या वर्गांची मिळून मुंबईची मेथडिस्ट मंडळी झाली. क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जॉर्ज बोवेन हेहि तिला येऊन मिळाले. हे १८४८ पासून मुंबईंत होते. मिशनचा पगार सोडून अगदीं साधेपणानें राहत, मराठींत रस्त्यावर उपदेश करीत, आणि 'बॉम्बे गार्डियन' हें पत्र चालवीत. १८८८ सालीं ते वारले. त्यांच्या नांवाचें देऊळ मुंबईंत आहे. आरंभीं इंग्रजींत चाललेली ही गोष्ट मराठी माणसापर्यंत पोहोंचावयास मात्र अवधि लागला. आज मुंबई, पुणें, नागपूर या बाजूंस मराठी मेथडिस्ट मंडळ्या आहेत, आणि १९८१ पासून भारतांतील मेथडिस्ट चर्च आपल्या पायांवर स्वतंत्र उभें आहे.

स्त्रियांच्या मंडळाची कथाहि पैशाच्या अशाच बारीक हिशेबाची आहे. १८६९ च्या मार्चांत बोस्टन शहरीं भर पावसांत बोटांवर मोजण्याइतक्या बायका एका देवळांत जमल्या, व हिंदुस्थानांतील स्त्रियांसाठीं स्त्रियाच पाठविण्याचें त्यांनीं ठरविलें. वर्गणी आठवड्यास दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्या दोन सेंटांवर पुढच्याच वर्षीं इझाबेला थोबर्न व डॉक्टर क्लारा स्वेन या देशांत आल्या. एकीनें लखनौस मुलींचें शिक्षण आरंभिलें. दुसरीनें बरेलीस स्त्रियांवर उपचार सुरू केले व १८७४ सालीं तेथें स्त्रियांचा दवाखाना उघडला. तरुणांसाठीं १८८९ सालीं अमेरिकेंत एपवर्थ लीग निघाली. एपवर्थ हें वेस्ली यांचें जन्मगांव.

आजच्या मंडळ्यांत महिला मंडळ, तरुण संघ, मुलांची संडे स्कूल हीं सर्व असतात, व त्यांचें काम मोलाचें आहे. पण एक फरक माझ्या मनांत सलतो. हीं मंडळें वयावरून व स्त्रीपुरुषभेदावरून पाडलेलीं आहेत. वर्ग हा शेजारावरून पाडलेला होता. महिला मंडळांत न आलेल्या म्हाताऱ्या बाईची चौकशी बायका करतील. पण तिच्या बेकार मुलाची, व्यसनी जांवयाची एकत्र चौकशी करणारें मंडळ कोणतें? दारू सोडूं इच्छिणाऱ्यांच्या ज्या सभा १९३५ पासून निघाल्या व जगभर अनेक देवळांच्या दिवाणखान्यांतून भरतात, त्यांत आपला आठवडा सांगणें आणि दुसऱ्याचा ऐकणें हेंच पुन्हां आलें आहे.

वर्गपद्धतींत दोष नव्हते असें नाहीं. विचारपुशीची टेहळणी व्हावयास वेळ लागत नाहीं. दर तिमाहीस मिळणारें वर्गाचें तिकीट नसलें तर सभेंत प्रवेश नाहीं, असा कडकपणाहि होता. एकोणिसाव्या शतकांत लोक तींच तींच ठराविक वाक्यें बोलूं लागले, आणि बहुतेक ठिकाणीं वर्ग ओसरले. मला वाटतें, पेनी गोळा करावयास दारीं जाणें बंद पडलें तेव्हांच अर्धा प्राण गेला होता. होळी-पापडीच्या भोंवतीं आतां वसई-विरार महानगरपालिकेचें शहर पसरलें आहे. २००९ सालीं ती स्थापन झाली. एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्यांस एकमेकांचें आडनांव ठाऊक नसतें, मग तो जिना कॅथलिकांचा असो, मेथडिस्टांचा असो, कीं आणखी कोणाचा.

अमेरिकेंतील जुन्या मेथडिस्ट मंडळ्यांच्या वर्गवह्या अजून पाहावयास मिळतात. प्रत्येक नांवापुढें आठवड्यागणिक एकेक अक्षर मांडलेलें असतें: हजर, आजारी, दूरगांवीं, कामांत, आणि शेवटचें हयगय. १७४३ च्या नियमांप्रमाणें वर्गनायकानें प्रत्येकास आठवड्यांतून एकदां भेटावयाचें आणि कोण आजारी आहे तें पाळकास कळवावयाचें असे. वहींत हयगयीचें अक्षर मांडण्यापूर्वीं त्याला त्या घरीं जाऊन यावेंच लागणार; गेल्यावांचून आजार कोणता आणि हयगय कोणती, हें त्याला कळावें कसें?