मोटारीतील मंदावलेला वारा

गेल्या आषाढात बेळगावहून फोंड्याकडे आम्ही चोर्ला घाटाच्या वाटेने येत होतो. बरोबर वृद्ध मातापितरे व मुले. घाटात धुके दाटलेले, वरून संततधार, आणि पाच माणसांच्या श्वासाने मोटारीच्या काचा आतून धूसर झालेल्या. वातानुकूलनाचे यंत्र चालू होते, पंखा शेवटच्या आकड्यावर घोंघावत होता; परंतु काचेच्या बुडाशी असलेल्या फटीतून येणारा वारा समईची वात हलविण्याइतकाही नव्हता. पुढचे वळण दिसेनासे झाले तेव्हा गाडी कडेला घेऊन, फडक्याने काच पुसत, पाऊस ओसरण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरले.

विशेष हे की, त्याच महिन्यात एका कारखान्यात यंत्रात नवा गॅस भरून आम्ही चांगले पैसे मोजले होते. दुखणे एक आणि औषध दुसऱ्याचेच, असा तो प्रकार झाला. तो का झाला हे समजण्यासाठी यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद आकुंचन-प्रसरण पावत व रंगांची छपाई बिघडे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली हवेतील ओलावा आटोक्यात आणणारी योजना आखली. म्हणजे या विद्येचा आरंभ गारव्यासाठी नव्हे, तर ओलाव्यासाठी झाला! पावसाळ्यात मोटारीची काच स्वच्छ होते तीही याच गुणाने. पुढे अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या आपल्या मोटारींत असे यंत्र बसवून देण्यास आरंभ केला. ते सामानाच्या मागील पेटीत बसविलेले असे.

आजच्या मोटारीत दोन कामे दोन निरनिराळे भाग करतात. गॅस, कॉम्प्रेसर व नळ्या यांचे काम थंडावा निर्माण करणे. समोरच्या फळीमागे बारीक पात्यांची एक जाळी असते. गॅसमुळे ती गार होते आणि तिच्यातून जाणाऱ्या हवेतील बाष्प तिच्यावर थेंबाथेंबाने जमते. हवा लोटण्याचे काम मात्र विजेवर चालणाऱ्या पंख्याचे. सबब ‘वारा थंड नाही’ आणि ‘वारा कमी आहे’ या दोन तक्रारींची गल्लत करू नये. पहिलीत गॅसचा संशय घेणे योग्य. दुसरीत हवेची वाट आधी तपासावी.

या वाटेवर कागदी गाळणी असते. पुष्कळ मोटारींत ती डावीकडच्या खणामागे सापडते. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने खण उतरवून गाळणी बाहेर ओढली, तेव्हा मुलांनी नाके दाबली. मूळचा पांढरा कागद काळाकुट्ट झालेला, घड्यांत गुलमोहराची इवलीशी पाने कुजलेली, आणि वर तांबड्या मातीचा थर. आमची गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी असते, आणि बाहेरची हवा तर पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या झडपेतूनच आत शिरते! कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरू नये, नवीच बसवावी. कडेवरील बाण वाऱ्याची दिशा दाखवितो, तो पाहून बसवावी. दहा मिनिटांचे काम. खर्च गॅसच्या मानाने किरकोळ.

गाळणी स्वच्छ असूनही वारा मंद असेल तर लक्षणांवरून पुढचा शोध घेता येतो. पंखा केवळ शेवटच्या आकड्यावरच चालत असेल, तर बहुधा त्याचा वेग कमीजास्त करणारा रेझिस्टर जळालेला असतो. आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबल्यावर वारा वाढला, तर बाहेरच्या झडपेपाशी पाने अडकली आहेत असे समजावे. वारा पायांकडे भरपूर आणि तोंडाकडे नाही, तर आतील वाटा बदलणारा पडदा अडकलेला असतो.

सर्वांत फसवे लक्षण बर्फाचे. आरंभी वारा उत्तम येतो, अर्ध्या तासाने मंदावतो, आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवले की पूर्ववत होतो. जाळीवर जमलेले पाणी गोठून हवेची वाट बुजते, म्हणून असे घडते. तुंबलेल्या गाळणीमुळे जाळीवर पुरेशी हवा न आल्यास बर्फ धरतो. गॅस कमी झाल्यानेही धरतो. तेव्हा गॅसचा दोष वाऱ्यात कधीच उतरत नाही असे मात्र नाही. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवल्यास बर्फ वितळतो. तरीही गॅस भरण्यापूर्वी गळती कोठे आहे ते शोधण्याचा आग्रह धरावा. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वातावरणात कोंडून ठेवतो.

श्रावणात त्याच घाटाने आम्ही पुन्हा गेलो. पाऊस तसाच होता. या वेळी बाहेरची हवा घेण्याचे बटण व कॉम्प्रेसर दोन्ही चालू ठेवून वारा काचेकडे वळविला. पंखा दुसऱ्याच आकड्यावर होता, आणि काच खालून वर निवळत गेली. मागच्या आसनावरून वडील म्हणाले, “पंखो मातसो उणो कर रे, हींव मारता.”