आधी दोन फूट खाली

पारनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवर मी गेले ती एका वाक्यामुळं. “वाटणीत धाकट्याला गोठा आला, आता तो तिथंच संसार मांडणार,” असं कुणीतरी सहज बोलून गेलं. सांगणाऱ्याच्या आवाजात कीव होती. मी पाहिला तो गोठा मात्र कीव करण्यासारखा नव्हता. काळ्या दगडाच्या दोन फूट रुंद भिंती, सागवानी खांब, वर पत्रा. ट्रॅक्टर आला तशी बैलं गेली, संकरित गायींसाठी पलीकडं मुक्तसंचार गोठा झाला आणि ही दावण रिकामी पडली.

खुंट्या उपटल्या, गव्हाण फोडली, गंजलेले पत्रे उतरवले. अडलं ते जमिनीपाशी.

मिस्त्री सत्तरीकडं झुकलेले. त्यांनी पहारीनं कोपऱ्यात उकरलं, मूठभर माती हुंगली आणि म्हणाले, “दोन फूट काढा. सगळं मूत मुरलंय. वरून फरशी टाकली का भिंत फुगली समजा.” घरधन्यानं मजुरीचा हिशेब मनातल्या मनात केला असावा. “एक फूट पुरं नाय का, बाबा?” “दोन,” मिस्त्री म्हणाले.

वरची माती कोरडी, राखाडी, मुकी होती. खालच्या थराला कुदळ लागली आणि धूळ बसावी म्हणून पाणी मारलं, तेव्हा वास उठला. तिखट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. खणणारे पोरगे तोंडाला उपरणं बांधून बाहेर आले. कित्येक बैलजोड्यांची वर्षं त्या वासात होती. त्या घराचा विचार आला की मला अजूनही आधी तोच आठवतो.

मिस्त्रींचा हट्ट रास्त होता. मूत्रातल्या युरियाचा मातीतले जिवाणू आधी अमोनिया करतात, मग नायट्रेट. हे क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढत वाढत गिलावा आतून ढकलतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. एके काळी अशीच खारी माती धुऊन सोरा काढत, आणि बंदुकीच्या दारूत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचाच. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफही सोऱ्यावाचून मुकीच राहिली असती. इथं मात्र ती माती ट्रॉली भरभरून कांद्याच्या वावरात गेली. पिकाला तेच नायट्रेट हवं असतं.

खिडकीचं काम मी श्वास रोखून पाहिलं. अशा भिंतीला दगडाचे दोन थर असतात, मध्ये चिपा आणि माती. एकदम भोक पाडलं तर वरचा भाग खाली येतो. म्हणून आधी टेकू दिले, बाहेरच्या थरात पाट बसवला, तो पक्का झाल्यावर आतल्या थरात, आणि मगच खालचे दगड एकेक करून काढले. वहिनींना खिडकी चुलीजवळ, अगदी कोपऱ्यात हवी होती. “कोपऱ्यापास्नं दोन फूट सोडा, मग म्हणाल तेवढी मोठी काढतो,” मिस्त्री म्हणाले. वहिनींनी चुलीची जागा सरकवली.

खरा वाद गिलाव्यावरून झाला. सिमेंटच्या गोण्या आधीच येऊन पडल्या होत्या. गावात नवीन घर म्हणजे सिमेंट, चुना म्हणजे गरिबी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. कितीही खणलं तरी अशा भिंतीत थोडी ओल, थोडे क्षार राहणारच. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडून ठेवतं. मिस्त्रींनी शेजारच्या वस्तीवरचा, गोठ्याचीच खोली केलेल्या घराचा पोपडे सुटलेला गिलावा घरधन्याला नेऊन दाखवला. तिथं कुणी खणलंच नव्हतं.

शेवटी गोण्या न्हाणीला आणि ओट्याला वापरायचं ठरलं. चुना भिजत घातलाय. तो मुरेपर्यंत आतल्या भिंतीला हात लावायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलंय, आणि वहिनी तोवर अंगणातच स्वयंपाक करताहेत.